वाट कोणाची, ओझे कोणाचे?

त्रिपुराच्या भूमीखाली नैसर्गिक वायू विपुल आहे, हे आपल्या तेल व नैसर्गिक वायू महामंडळाला कित्येक वर्षांपासून ठाऊक होते. त्या वायूवर चालणारे ७२६ मेगावॅटचे वीजकेंद्र त्रिपुरातील उदयपूरनजीक पालाटाना येथे उभारावे, हेही ठरले. वायू होता, पैसा होता, यंत्रे करून देणारे कारखाने होते. नव्हती ती फक्त वाट. वायूवरील जनित्राचे प्रमुख भाग शेकडो टनांचे असतात; ते सुटे करून पोत्यांतून नेता येत नाहीत. कोलकात्याहून आगरतळ्यास भारताच्याच भूमीवरून जावयाचे, तर सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्टीतून आसामात, तेथून मेघालयाचे डोंगर ओलांडून बराकच्या खोऱ्यात आणि मग त्रिपुरात, असा सुमारे सोळाशे किलोमीटरांचा वळसा घ्यावा लागतो. त्या डोंगरांतील रस्ता पावसाळ्यात दरडींखाली जातो, आणि आगरतळ्याची रेल्वे २०१६ पर्यंत मीटरगेजच होती. एवढे अवजड धूड त्या वाटेने जाणे शक्य नव्हते.

नकाशावर मात्र आगरतळा बांगलादेशच्या सीमेला अगदी खेटून आहे. सीमेपलीकडे लगेच आखाउडा. फाळणीपूर्वी त्रिपुराचे जगाशी दळणवळण चाले ते याच आखाउड्याच्या रेल्वेस्थानकावरून व चितगावच्या बंदरातून. १९४७ साली नकाशावर एक रेघ ओढली गेली आणि शेजारचे स्थानक परदेश झाले. म्हणून हे वीजकेंद्र उभे राहावयाचे, तर अभियंत्यांच्या आधी मुत्सद्द्यांना कामाला लागणे भाग होते. जानेवारी २०१० मध्ये बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीस आल्या, तेव्हाच्या संयुक्त निवेदनात मेघना नदीवरील आशुगंज हे जलवाहतुकीच्या करारातील बंदर म्हणून घोषित करण्याचे ठरले. आणि तेथून अवजड माल नेण्यासाठी ज्या सुधारणा लागतील त्यांचा खर्च भारताने करावा, असेही त्यात नमूद झाले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यासंबंधीचा सामंजस्य करार झाला. मग ही यंत्रे बार्जवर चढून सुंदरबनातील खाड्यांतून व बांगलादेशच्या नद्यांतून आशुगंजला पोहोचली, आणि तेथून ट्रेलरवर बसून आखाउडामार्गे आगरतळ्यास आली. जून २०१३ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते पहिल्या संचाचे उद्घाटन झाले; दुसरा संच डिसेंबर २०१४ मध्ये राष्ट्रास अर्पण झाला.

येथवर ही कथा दोन शेजाऱ्यांच्या सहकार्याची आहे, आणि आपल्याकडे ती तशीच सांगितली जाते. परंतु आशुगंज ते आखाउडा या सुमारे पन्नास किलोमीटरांच्या रस्त्यावर काय घडले, ते आपल्या वृत्तपत्रांत फारसे आले नाही.

अवजड वाहतुकीचे एक साधे गणित आहे. शेकडो टनांचे यंत्र ज्या ट्रेलरवर चढते, त्याला चाकांच्या अनेक ओळी असतात, बहुधा एका ओळीत आठ चाके. आणि हायड्रॉलिक यंत्रणेमुळे यंत्राचे वजन सर्व ओळींवर सारखे वाटले जाते. त्यामुळे रस्त्याच्या पृष्ठभागावर प्रत्येक चाकाचा पडणारा भार एखाद्या मालट्रकच्या चाकापेक्षा फार अधिक नसतो, आणि बऱ्यापैकी रस्ता तो निभावून नेतो. पुलाचे तसे नाही. रस्त्याला चाकाचा भार सोसावा लागतो, पुलाला सबंध गाडीचा. कारण एका गाळ्यावर एकाच वेळी कित्येक ओळी उभ्या असतात. आशुगंज-आखाउडा रस्त्यावरील पूल व मोऱ्या अशा भारासाठी बांधलेल्याच नव्हत्या. नवे पूल बांधण्यास वेळ नव्हता. म्हणून पुलांच्या शेजारून, नाल्यांच्या व ओढ्यांच्या पात्रांतून मातीचे भराव घालून तात्पुरत्या वाटा काढण्यात आल्या, आणि अशीच एक वाट तितास नदीच्या प्रवाहात आडवी पडली.

बंगाली वाचकाला तितास हे नाव सांगावे लागत नाही. अद्वैत मल्लबर्मन हा ब्राह्मणबाडियाकडील मालो कोळ्यांच्या समाजात जन्मलेला लेखक. त्या नदीवरील त्याची कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर, १९५६ साली प्रसिद्ध झाली, आणि ऋत्विक घटक यांनी १९७३ साली तिच्यावर चित्रपट केला. नदी आटली म्हणजे तिच्या काठच्या माणसांचे काय होते, हाच त्या कथेचा विषय आहे. त्याच नदीत २०११ साली परदेशातील वीजकेंद्राच्या यंत्रांसाठी मातीचा बांध पडला. नावांची ये-जा अडली, प्रवाह कोंडला, मासेमारांच्या व शेतकऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या, ढाक्याच्या वृत्तपत्रांत नदीची छायाचित्रे झळकली. पुढे माल जाऊन झाल्यावर भराव काढले गेले हे खरे. परंतु नदी हा काही लग्नाचा मांडव नव्हे, की कार्य उरकले आणि खांब उपटले. जे कुटुंब रोज त्या पाण्यावर पोट भरते, त्याच्या दृष्टीने एक मोसम हाही तात्पुरता काळ नसतो.

यात भारताचा दुष्ट हेतू होता, असे आम्ही म्हणत नाही. बांगलादेशच्या शासनानेच ही परवानगी दिली होती, आणि वीजकेंद्राचा लाभ पुढे त्या देशालाही झाला: मार्च २०१६ पासून त्रिपुरातून कुमिल्ल्याकडे १०० मेगावॅट वीज जाऊ लागली, आणि त्याच दिवशी कॉक्सबाजारहून आगरतळ्यास आंतरजालाची जोडणी मिळाली. दोन देशांतील देवाणघेवाण याहून स्वच्छ क्वचितच असते. तथापि कुमिल्ल्यात दिवा लागला म्हणून तितासच्या कोळ्याची बुडालेली मजुरी भरून निघत नाही. या व्यवहारात लाभ राष्ट्राच्या नावावर जमा झाला आणि तोटा एका नदीकाठच्या नावावर पडला, ही त्यातील खरी मेख आहे. पारगमनाचे शुल्क घ्यावे की नाही, यावर बांगलादेशात वर्षानुवर्षे वाद चालला. आशुगंजमार्गे जाणाऱ्या मालासाठी टनास सुमारे १९२ टका असा दर ठरून प्रत्यक्ष वाहतूक सुरू झाली ती २०१६ च्या जूनमध्ये, म्हणजे पालाटानाची यंत्रे जाऊन चार वर्षे लोटल्यावर. पाहुणा जेवून गेल्यावर पानाचा हिशेब मांडावा, त्यातलाच हा प्रकार.

आता याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहावे. त्याचाही भारताशी निकटचा संबंध आहे. दक्षिण फ्रान्समध्ये कॅडाराश येथे अणुसंमीलनाची प्रायोगिक भट्टी उभारण्याचे काम ‘ईटर’ या नावाने चालू आहे. भारत, चीन, जपान, दक्षिण कोरिया, रशिया, अमेरिका व युरोपीय संघ हे तिचे सात भागीदार. तिचे प्रचंडकाय भाग समुद्रमार्गे मार्सेयजवळच्या फोस बंदरात उतरतात, बार्जवरून एक खारे सरोवर ओलांडतात आणि तेथून १०४ किलोमीटर रस्त्याने भट्टीच्या जागी जातात. हा रस्ता फ्रान्सने पहिला नग येण्याच्या कित्येक वर्षे आधी, २००८ ते २०११ या काळात, सिद्ध केला. पूल बळकट केले, वळणे रुंद केली, गावांतील वर्तुळाकार चौक मधोमध कापून गाडी सरळ जाईल असे केले. ट्रेलरसह नऊशे टन वजन, दहा मीटर उंची, तेहतीस मीटर लांबी या मापांचा विचार करून हे सारे झाले. एवढ्यावर न थांबता सप्टेंबर २०१३ मध्ये काँक्रीटचे ३६० ठोकळे लादलेला सुमारे ८०० टनांचा ट्रेलर त्या रस्त्यावरून रात्री चालवून पाहण्यात आला. प्रत्येक पुलाची परीक्षा प्रत्यक्ष भाराने घेतली गेली. मग यंत्रे आली.

या भट्टीचे शीतकवच, म्हणजे तिच्या भोवतीचे ३० मीटर व्यासाचे व जवळपास तितक्याच उंचीचे पोलादी निर्वात पात्र, भारताने दिले आहे. गुजरातेत हजिरा येथे लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात ते ५४ तुकड्यांत घडले. कॅडाराशच्या आवारात भारतीयांनीच कार्यशाळा उभारून ते तुकडे जोडले. आणि त्याचा साडेबाराशे टनांचा तळ मे २०२० मध्ये खड्ड्यात उतरवण्यात आला. या घटनेचा अभिमान आपण बाळगावा, तो योग्यच आहे. परंतु त्यात एक बोध दडलेला आहे, आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. हे यंत्र ५४ तुकड्यांत का घडले? शास्त्राची तशी मागणी होती म्हणून नव्हे. इतका विशाल घेर जगातील कोणत्याही रस्त्यावरून जाणार नाही म्हणून. कोणता तुकडा किती मोठा असावा, हे रेखनकाराने कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वीच त्या १०४ किलोमीटरांनी ठरवून टाकले होते. वाट आधी आणि यंत्र मागून, हा क्रम तेथे पाळला गेला. पालाटानाला तो उलटा होता.

कोणी म्हणेल, फ्रान्स धनाढ्य, त्याची आपल्याशी तुलना कशाला? तर घरचेच उदाहरण घेऊ, तेही आपल्या महाराष्ट्रातून निघालेले. ८ जुलै २०१९ रोजी एक ७० टनांचे यंत्र, अवकाशयानाचे भाग तापवून व दाब देऊन पक्के करणारा ऑटोक्लेव्ह, ७४ चाकांच्या गाडीवर बसून महाराष्ट्रातून तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राकडे निघाले. ते पोहोचले १९ जुलै २०२० रोजी. सतराशे किलोमीटरांना एक वर्ष व अकरा दिवस! टाळेबंदीत काही काळ ते आंध्रात अडकून पडले हे मान्य केले, तरी दिवसाला सरासरी पाच किलोमीटरही पडत नाहीत. बैलगाडीने निघालेला वारकरी याहून लवकर पोहोचला असता. बरोबर बत्तीस माणसांचे पथक होते. त्यांनी वाटेत झाडे छाटून घेतली, विजेच्या तारा उचलल्या वा बंद करविल्या, रस्ते दुरुस्त केले, कमकुवत पुलांना आधार दिला. महाराष्ट्र व केरळ ही दोन्ही राज्ये एकाच अरबी समुद्राच्या काठी वसलेली आहेत, याची आठवण झाली की मन विषण्ण होते.

या गाडीने कोणतीही आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली नाही. तरीही तिला वाटेत जितके दरवाजे ठोठवावे लागले, तितके कदाचित परदेशी जाणाऱ्या मालालाही लागत नसतील. मोटार वाहन नियमांनुसार साधारण वाहनाची रुंदी २.६ मीटर, हे यंत्र सुमारे सात मीटर रुंद व साडेसात मीटर उंच. असा माल न्यावयाचा म्हणजे राष्ट्रीय महामार्गासाठी केंद्राची परवानगी, राज्यमार्गासाठी त्या त्या राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याची, फाटक ओलांडण्यास रेल्वेची, तारांसाठी वीजमंडळांची आणि बंदोबस्तासाठी पोलिसांची. राज्य बदलले की ही माळ पुन्हा पहिल्या मण्यापासून ओढावयाची. केंद्राने आपल्या मार्गांपुरती अर्जांची सोय संगणकावर केली, हे स्तुत्य झाले. परंतु संगणकाने परवाना मिळतो, पुलाची ताकद वाढत नाही.

पुलांविषयी आमच्या अभियंत्यांनी विचार केलेला नाही, असेही नाही. भारतीय रस्ते परिषदेच्या पूलविषयक संहितेत ३८५ टनांच्या खास वाहनाचा भार आता समाविष्ट आहे. असे वाहन पुलावर एकटेच असावे, ताशी पाच किलोमीटरांपेक्षा अधिक वेगाने जाऊ नये, आणि पुलाच्या मध्यरेषेपासून तीस सेंटिमीटरांहून अधिक ढळू नये, इतका काटेकोर विचार तेथे आहे. म्हणजे शास्त्र सज्ज आहे. अडचण जुन्या पुलांची आहे. ते बांधले गेले तेव्हा ही कल्पना कोणाच्या स्वप्नातही नव्हती, आणि आज त्यांपैकी कोणता पूल किती पेलेल, याचा निर्णय प्रत्येक खेपेला नव्याने करावा लागतो. तोच पूल, तसाच ट्रेलर, आणि दर वेळी नवी तपासणी, नवे शुल्क, नवा विलंब.

याचा परिणाम उद्योगाच्या भूगोलावर होतो, आणि महाराष्ट्राने त्याची विशेष चिंता केली पाहिजे. हजिऱ्याचा कारखाना समुद्राला लागून आहे, त्याला स्वतःचा धक्का आहे. तेथील यंत्र थेट जहाजावर चढते. उलट वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यातील माळरानावर जे नगर वसविले, तेथे घडलेल्या अवजड यंत्राला बंदर गाठण्यासाठी सह्याद्री उतरावा लागतो. घाट, बोगदे, वळणे, पदोपदी पूल. यंत्र उत्तम घडवूनही ते दारातून बाहेर काढता येईल की नाही, ही शंका घेऊन निविदा भरणारा कारखानदार समुद्रकाठच्या कारखानदारापुढे कसा टिकेल? जिल्ह्याजिल्ह्यांत कारखाने न्यावेत, असे शासन उच्चरवाने सांगते; परंतु अवजड उद्योग हळूहळू किनाऱ्याकडे सरकतो, याचे एक कारण हे पूल आहेत.

वर्षाकाठी निघणाऱ्या मोजक्या खेपांसाठी कोट्यवधी रुपयांचे पूल बांधावेत काय, असा आक्षेप येईल. तो विचारार्ह आहे. सगळ्या रस्त्यांसाठी कोणी मागणी करीत असेल तर ती अवास्तव म्हणावी लागेल. पण खेपा आता मोजक्या राहिलेल्या नाहीत. पवनचक्कीची साठ-सत्तर मीटर लांबीची पाती, मोठी रोहित्रे, तेलशुद्धीकरणाचे स्तंभ, मेट्रोचे डबे ही आता रस्त्यावरची नेहमीची दृश्ये झाली आहेत. देशात थोडे, निवडक असे अवजड मार्ग ठरवावेत. औद्योगिक केंद्रांपासून बंदरांपर्यंत आणि बंदरांपासून सीमेपर्यंत. त्यांवरील प्रत्येक पुलाची ताकद एकदा मोजून जाहीर करावी, दुबळे पूल क्रमाने बदलावेत, आडव्या तारा कायमच्या उंच कराव्यात, आणि त्या मार्गापुरती सर्व राज्यांची परवानगी एकाच कागदावर मिळावी. आज प्रत्येक कंपनी स्वतःच्या खेपेपुरता पुलाखाली टेकू लावते, तारा उचलते, आणि गाडी गेली की सारे पूर्ववत होते. दर वेळी खर्च होतो आणि मागे काहीच उरत नाही. हा काटकसरीचा नव्हे, उधळपट्टीचा मार्ग आहे.

देशांतर्गत मार्गाचे असे. सीमेपलीकडील मार्गाचा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि आज तो विशेष बिकट झाला आहे. भारत व बांगलादेश यांच्यातील जलवाहतुकीचा करार १९७२ पासूनचा. पालाटानानंतरही आसामातील नुमालीगड शुद्धीकरण कारखान्याची अवजड सामग्री २०२२ मध्ये हल्दियाहून बांगलादेशच्या नद्यांतूनच ब्रह्मपुत्रेवर गेली. आगरतळा-आखाउडा रेल्वेजोडणीचे उद्घाटन नोव्हेंबर २०२३ मध्ये झाले. परंतु ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तांतर झाले आणि वारे फिरले. एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशी निर्यातमालास आपल्या भूमीवरून दिलेली सवलत काढून घेतली; मे महिन्यात तेथील तयार कपड्यांना भूमार्गाने येण्यास बंदी केली. प्रत्येक बाजूस आपापली कारणे असतील. परंतु यातून एक गोष्ट उघड झाली: दोन्ही देशांत मार्ग हा अजूनही हक्काचा नव्हे, मर्जीचा विषय आहे. मैत्रीच्या दिवसांत मर्जीने मिळालेली वाट रुसव्याच्या दिवसांत बंद होते, आणि ईशान्येतील पुढचे वीजकेंद्र किंवा पुढचा कारखाना रुसवा संपण्याची वाट पाहू शकत नाही.

अशा वेळी कराराची बोलणी करू नयेत, संबंध सुधारू द्यावेत, असे मत दिल्लीत मांडले जाते. आम्हांस ते पटत नाही. संबंध मधुर होते तेव्हा तपशील लिहून ठेवण्याची निकड कोणास वाटली नाही. म्हणूनच तितासच्या काठी काय करावे, हे कोणत्याही कागदावर नव्हते. नदी जलवाहतूक कराराच्या पुढच्या बोलण्यांत अवजड मालासाठी स्वतंत्र परिशिष्ट जोडण्याचा प्रस्ताव भारतानेच मांडावा. कोणत्या पुलाऐवजी कायमचा नवा पूल बांधावयाचा आणि तो माल गेल्यावर स्थानिक रहदारीसाठी राहावयाचा. कोणत्याही वाहत्या पात्रात भराव घालावयाचा नाही, आणि अपरिहार्य झाल्यास त्याखालून नाव जाईल इतकी वाट ठेवावयाची. शुल्क माल निघण्यापूर्वी ठरवावयाचे. आणि त्या शुल्काचा ठरावीक हिस्सा ढाक्याच्या तिजोरीत न जाता ज्या उपजिल्ह्यांतून माल जातो त्यांस द्यावयाचा. या शेवटच्या अटीस ढाक्यातून विरोध होईल. तिजोरीचा वाटा सोडावयास कोणतेच शासन सुखासुखी तयार होत नाही. तरीही तो विरोध पत्करून भारताने ती मांडावी, कारण पुढच्या खेपेस आशुगंजच्या धक्क्यावर ट्रेलर उभा राहील, तेव्हा त्याला वाट देणारी किंवा त्याच्यापुढे आडवी होणारी माणसे ढाक्यातील नसतील. ती आखाउडा व ब्राह्मणबाडियाच्या गावांतीलच असतील.